नळी कधी काढणार?

ऑपरेशनचं दुर्गाला फार काही वाटलं नव्हतं. तिला छळलं ते नळीने.

दोन हजार सहा सालची गोष्ट. दुर्गा साळवी मीरा रोडला राहायची आणि एका पतपेढीसाठी पिग्मी गोळा करायची. म्हणजे दुपारपासून दिवेलागणीपर्यंत दुकानादुकानांतून हिंडायचं, ज्याने जे दिलं ते घ्यायचं, पावती फाडायची आणि पुढची पायरी चढायची. सत्तेचाळिशीची बाई, अंगाने काटक, बोलायला फटकळ. नवरा दत्ताराम एका कुरियर कंपनीच्या गोदामात सुपरवायझर. माणसं मूळची गुहागरकडची. गिरगावातली भाड्याची खोली सोडून इकडे ब्लॉक घेतला त्याला दहाएक वर्षं झाली होती.

दुर्गाच्या गर्भाशयात गाठी निघाल्या. अंगावरून जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली, जिना चढताना धाप लागायला लागली, तेव्हा पिशवी काढायचं ठरलं. भाईंदर पश्चिमेला स्टेशनपासून जवळ, खाली मिठाईचं दुकान आणि वर दोन मजले असं एक नर्सिंग होम होतं. तिथे डॉक्टर निमकर बाई ऑपरेशनं करायच्या. त्यांचा हात चांगला, असं सगळेच म्हणायचे आणि ते खोटं नव्हतं. ऑपरेशन नीट झालं. टाके कोरडे राहिले, पोट दुखलं तेवढंच दुखलं.

पण शुद्धीवर आल्यावर दुर्गाला कळलं, की लघवीच्या जागी नळी घातलेली आहे आणि ती पलंगाला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सोडलेली आहे.

"बघा," ती दत्तारामला म्हणाली, "एक पिशवी काढली आणि दुसरी लावली."

तो हसला. तीही हसली, पण टाक्यांना ओढ बसली म्हणून लगेच थांबली.

दुसऱ्या दिवशी तिला उठवून बसवलं, संध्याकाळी पॅसेजमधून चालवलं. चालताना एका हातात पिशवी, दुसरा हात भिंतीला. नळी आतून टोचायची, सारखी लघवीला लागल्यासारखं वाटायचं आणि जायचं तर कुठेच नसायचं. तिने सिस्टरला विचारलं, "ही कधी काढणार?"

"मॅडम सांगतील तेव्हा."

मॅडम संध्याकाळी आल्या. वसईपासून बोरिवलीपर्यंत चार ठिकाणी त्यांची ऑपरेशनं चालायची. येतानाच त्यांचा एक पाय बाहेर असायचा. त्यांनी टाके पाहिले, "छान आहे" म्हणाल्या. दुर्गा नळीचं विचारतेय तोवर त्यांचा मोबाईल वाजला. "काढू या, काढू या," असं तिच्याकडे बघत, पण फोनवरच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणून त्या पुढच्या पलंगाकडे गेल्या.

तिसऱ्या दिवशी सिस्टर वेगळी होती. तिला काहीच माहीत नव्हतं. चौथ्या दिवशी मॅडम आल्याच नाहीत. त्यांच्या ऐवजी एक तरुण डॉक्टर आला, त्याने नाडी बघितली आणि गेला.

"राहू दे की," दत्ताराम म्हणाला. "उठायला नको, बसायला नको. तुझीच सोय आहे."

"माझी सोय नाही, तुमची आहे. मला संडासापर्यंत धरून न्यावं लागत नाही म्हणून."

तिचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं. आणि सोय एकट्या त्याची नव्हती, सगळ्यांचीच होती. सिस्टरला बेडपॅन द्यायला नको, वॉर्डातल्या मावशीला आधार द्यायला नको. मावशी दिवसातून दोनदा यायची आणि एकाच प्लास्टिकच्या मगात एका पलंगाची पिशवी रिकामी करून तोच मग घेऊन दुसऱ्या पलंगाकडे जायची. मधे हात धुताना दुर्गाने तिला पाहिलं नाही. एकदा दुर्गाला दुसऱ्या खोलीत हलवताना तिने ती भरलेली पिशवी उचलून सरळ दुर्गाच्या पोटावर ठेवली. दुर्गाला किळस आली. पण त्यात किळसेपलीकडे काही असेल, हे तिला तेव्हा माहीत नव्हतं.

नळी निघाली ती घरी सोडायच्या दिवशी, रिक्षा खाली उभी असताना.

घरी आल्यावर आठवडाभरात जळजळ सुरू झाली. लघवीला बसलं की डोळ्यांतून पाणी यायचं, आणि उठलं की परत लागल्यासारखं. मग एका दुपारी अशी थंडी भरली की दोन गोधड्या घालूनही दातावर दात आपटत होते. दत्तारामने निमकर मॅडमना फोन लावला. त्यांनी गोळ्या सांगितल्या. ताप उतरला, आठ दिवसांनी परत आला. परत फोन, परत दुसऱ्या गोळ्या. शेजारणीने बार्लीचं पाणी करून दिलं. गावाहून फोनवर सासूबाईंनी सब्जा सांगितला. कोणी म्हणालं, ऑपरेशननंतर असं होतंच. कोणी म्हणालं, बाहेरचं खाल्लं असशील. दुर्गा दातओठ खाऊन सगळं ऐकायची. पिग्मीची तिची लाइन तोवर पतपेढीने दुसऱ्या बाईला तात्पुरती देऊन टाकली होती, आणि तात्पुरतीचा अर्थ दुर्गाला चांगला ठाऊक होता.

शेवटी ती बिल्डिंगखालच्या दवाखान्यात डॉक्टर संपदांकडे गेली. संपदा मॅडम सर्दीखोकला बघणाऱ्या साध्या फॅमिली डॉक्टर. त्यांनी गोळ्या लिहायच्या आधी लघवी तपासायला पाठवली, नुसती साधी नाही, कल्चरला. रिपोर्ट आला तेव्हा कळलं की आतापर्यंत घेतलेल्या दोन्ही गोळ्यांना ते जंतू दाद देणारे नव्हतेच. मग इंजेक्शनं घ्यावी लागली.

"नळी किती दिवस होती तुम्हाला?" संपदा मॅडमनी विचारलं.

दुर्गाने सांगितलं.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "ऑपरेशनच्या वेळी नळी लागते. नंतरही थोडा वेळ लागते. पण जितकी जास्त राहते तितके जंतू तिच्यावरून आत चढतात. गरज संपली की काढायची, त्याच दिवशी. पिशवी कायम कमरेच्या खाली राहायला हवी, म्हणजे आतलं परत उलटं जात नाही. जमिनीला टेकवायची नाही. हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवायचे. एवढंच असतं."

"एवढंच?" दुर्गा म्हणाली.

"एवढंच. आणि पाणी प्या. तुम्ही दिवसभर बाहेर असता ना, किती पाणी पिता?"

पिग्मीच्या लाइनवर ती पाणी प्यायचीच नाही. प्यायलं तर जायचं कुठे? स्टेशनबाहेरचं शौचालय नाक दाबूनसुद्धा जाण्यासारखं नव्हतं, आणि दुकानदाराला विचारलं तर पुरुष गालातल्या गालात हसायचे. इतकी वर्षं ती तोंड कोरडं ठेवून हिंडली होती. आता तेही तिच्याच माथी.

बरी वाटायला लागल्यावर ती भाईंदरला गेली आणि निमकर मॅडमना जिन्यातच गाठलं. भांडायच्या तयारीने गेली होती. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाल्या, "पण मी दुसऱ्याच दिवशी काढायला सांगितलं होतं."

"कोणाला?"

"सिस्टरला."

वरच्या मजल्यावर सिस्टर आरोही होती, तेवीस-चोवीस वर्षांची, बारीक आवाजाची. ती म्हणाली, "काकी, आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. त्या दिवशी ड्युटीला होती ती सिस्टर आता इथे नाही. आणि आम्ही आमच्या मनाने कशी काढणार?"

दोघींचंही खरं वाटत होतं, आणि त्यामुळेच दुर्गा जास्त चिडली. कोणी खोटं बोललं असतं तर त्याची मानगूट धरता आली असती. इथे धरायला मानगूटच नव्हती. ती खाली आली, मिठाईच्या दुकानासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली.

पुढल्या वर्षी अंबिकेला तेच ऑपरेशन निघालं.

अंबिका म्हणजे दुर्गाची धाकटी जाऊ, दत्तारामच्या भावाची, गुणवंतची बायको. भाईंदर पूर्वेला राहायची. पडखाऊ स्वभावाची, कोणी मोठ्याने बोललं तरी पदर सावरणारी. तीन-चार महिने अंगावर काढल्यावर तिने सांगितलं, तेही गुणवंतला नाही, दुर्गाला. तपासणी झाली, पिशवी काढायचं ठरलं, आणि रविवारी जेवायला आलेल्या गुणवंतने सगळं पक्कं करूनच सांगितलं: निमकर मॅडम, तेच नर्सिंग होम.

दुर्गाच्या हातातला डाव तसाच राहिला. "तिथे नको."

"का? डॉक्टर चांगल्या आहेत की. तुमचंच ऑपरेशन किती मस्त झालं."

"ऑपरेशन झालं. नंतर तीन महिने मी काय भोगलं ते विसरलात काय भावोजी?"

"वहिनी, इन्फेक्शन कोणालाही होतं. घरापासून जवळ आहे, ओळखीचं आहे. आता मी कुठे शोधत फिरू?"

दुर्गाने दत्तारामकडे पाहिलं. तो भाताचं ढेकूळ फोडत होता.

"बरं," ती म्हणाली. "मग तिच्याबरोबर मी राहणार. दुसरं कोणी नाही."

"राहा ना! उलट बरंच होईल," गुणवंत म्हणाला. अंबिकेच्या चेहऱ्यावर मात्र सुटल्यासारखंही दिसलं आणि धसकल्यासारखंही. आपली जाऊ आपल्यासाठी कोणाशी तरी भांडणार, हे तिला आताच दिसायला लागलं असावं.

ऑपरेशनच्या दिवशी दुर्गाने मॅडमना थिएटरच्या दारातच धरलं. "मॅडम, नळी कधी काढणार?"

मॅडमनी तिला ओळखलं. क्षणभर थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी. हिला जास्त ठेवायची गरज नाही."

"तुम्ही कोणाला सांगाल?"

"सांगते हो." त्या जरा हसल्या. "मी स्वतः सांगते."

ऑपरेशन झालं. अंबिका गुंगीत कण्हत होती. खोलीत दुसऱ्या पलंगावर हंसाबेन नावाची गुजराती बाई होती, साठीच्या पुढची. तिचं अंग बाहेर येत होतं म्हणून ऑपरेशन झालेलं. तिच्या पलंगाच्या कडेलाही तशीच पिशवी लोंबत होती. तिची सून दिवसभर उशाशी बसून फोनवर बोलायची.

दुर्गाने पहिलं काम केलं ते अंबिकेच्या पिशवीचं. ती फरशीवर लोळत होती. दुर्गाने हात धुतले, पिशवी उचलून पलंगाच्या खालच्या दांडीला अडकवली, नळीला पीळ पडलाय का पाहिलं. मावशी मग घेऊन आली तेव्हा दुर्गा म्हणाली, "मावशी, आधी हात धुवा. आणि हा मग इथलाच ठेवा, दुसरीकडे नेऊ नका."

"बाई, मला वीस वर्षं झाली या कामाला."

"असतील. हात धुवा."

मावशीने धुतले, पण साबण न लावता, आणि जाताना दार आपटलं.

सकाळ झाली. सिस्टर आरोही ड्युटीवर आली तशी दुर्गा तिच्यापुढे उभी. "नळी काढायचीय. मॅडम सांगून गेल्यात."

आरोहीने फाइल चाळली. "इथे लिहिलेलं नाही, काकी."

"तोंडी सांगितलंय."

"मला नाही सांगितलं."

दुर्गाच्या डोक्यात तिडीक गेली. तोच मजला, तेच वाक्य, वर्ष तेवढं बदललेलं. "मग फोन करा."

"मॅडम वसईला थिएटरमध्ये आहेत. आत गेल्या की मोबाईल उचलत नाहीत."

दुर्गाने स्वतःच्या मोबाईलवरून लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला. दहा मिनिटांनी परत. गुणवंत डबा घेऊन आला तेव्हा ती पॅसेजमध्ये फेऱ्या मारत होती.

"वहिनी, काय चाललंय? आजच काढायला पाहिजे असं काही आहे का?"

"हो, आहे."

"दोन दिवस जास्त राहिली तर काय जग बुडतं?"

"मला विचारा काय बुडतं ते."

ती तरातरा खोलीत आली. वाटलं होतं, निदान अंबिका तरी आपल्या बाजूने असेल. अंबिका उशीवर मान टाकून पडली होती. ती हळूच म्हणाली, "ताई, राहू दे ना गं. मला उठायची भीती वाटते. आणि सगळ्यांसमोर कशाला हा विषय?"

हे मात्र दुर्गाला झोंबलं. "तुझ्यासाठीच मरतेय ना मी? सकाळपासून चहाचा घोट नाही पोटात. आणि तूच म्हणतेस राहू दे?"

अंबिकेचे डोळे भरले. पलीकडून हंसाबेन म्हणाली, "अरे बेन, बिचारीको मत डांटो. अभी ऑपरेशन हुआ है." दुर्गा पाठ फिरवून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली कढईत काहीतरी तळत होते, त्याचा वास वर येत होता. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच संताप येत होता. एवढीशी गोष्ट. दोन मिनिटांचं काम. त्यासाठी एका बाईने सगळ्या जगाचं वाईटपण घ्यायचं.

दुपारच्या जेवणानंतर कधीतरी मॅडमनी फोन उचलला. "अजून काढली नाही?" त्यांचा आवाज चढला. "मी काल रात्रीच्या सिस्टरला सांगितलं होतं. द्या आरोहीला."

आरोहीने "हो मॅडम, हो मॅडम" केलं, हातमोजे घातले आणि नळी काढली. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"पाणी प्या भरपूर," आरोही म्हणाली, "आणि चार-पाच तासांत लघवी व्हायला हवी. झाली की मला सांगा. किती झाली तेही बघायचंय."

दुर्गाला जिंकल्यासारखं वाटलं. तिने अंबिकेला पेला भरून पाणी दिलं, मग आणखी एक. थोड्या वेळाने धरून बाथरूममध्ये नेलं, कमोडवर बसवलं आणि समोर उभी राहिली.

काही झालं नाही.

"होईल, होईल. घाई नको," दुर्गा म्हणाली. परत पलंगावर आणलं. तासाभराने पुन्हा नेलं. तिने नळ सोडला, कोमट पाणी घातलं, खालच्या आवाजात "कर गं, कर" म्हणत राहिली. अंबिका कपाळावर घाम येईपर्यंत जोर करायची आणि मान हलवायची. संध्याकाळ झाली तसं तिचं ओटीपोट फुगलं. टाक्यांवर ताण येऊन ती कळवळायला लागली.

आरोही येऊन पोटाला हात लावून गेली. "भरलंय. नळी परत घालावी लागेल, काकी."

गुणवंत दारातच उभा होता. तो एकदम फुटला. "झालं समाधान? डॉक्टरपेक्षा तुम्हाला जास्त कळतं ना? नीट चालली होती ती नळी. आता परत घालायची, परत तो त्रास. कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

खरंच आपलं चुकलं का, असं दुर्गाच्या मनात आलं. संपदा मॅडमनी सगळं सांगितलं होतं, पण काढल्यावर लघवी झालीच नाही तर काय, हे तिनेच विचारलं नव्हतं.

तासाभरात निमकर मॅडम आल्या. सकाळपासूनच्या ऑपरेशनांनी त्यांचे डोळे ओढले होते, केसांतली क्लिप सुटली होती. त्यांनी अंबिकेला तपासलं, गुणवंतचं ऐकलं, दुर्गाचा पडलेला चेहरा पाहिला.

"होतं असं कधीकधी," त्या म्हणाल्या. "आत सूज असते, मूत्राशय सुस्त झालेलं असतं. नळी लवकर काढली म्हणून असं नाही, पुढे काढली असती तरी झालं असतं कदाचित. आता बारीक नळीने एकदा रिकामं करायचं आणि नळी लगेच बाहेर. ठेवायची नाही. मग परत बघू या."

"आणि परत नाही झाली तर?" गुणवंतने विचारलं.

"तर परत रिकामं करू. पण त्या भीतीने आतच ठेवून नाही देणार."

काम झालं. अंबिकेचा चेहरा सैल पडला, तिला झोप लागली. मॅडम बाहेर पडताना दुर्गा त्यांच्या मागे गेली. तिला विचारायचं होतं, की तुम्ही सांगता ते कोणापर्यंत पोचतच नाही, त्याचं काय करायचं? पण मॅडमच बोलल्या. "मी चार ठिकाणी धावते, साळवी बाई. प्रत्येक ठिकाणच्या सिस्टर दर दोन महिन्यांनी बदलतात. मी तरी किती पुरणार?" आणि त्यांचा मोबाईल वाजला.

सकाळी अंबिका जागी झाली तेव्हा दुर्गाने परत पाणी पाजलं आणि परत तिला बाथरूममध्ये नेलं. परत नळ सोडला. परत समोर उभी राहिली, हाताची घडी घालून, श्वास रोखून. बाहेर आरोही माप घेऊन तयार. पॅसेजमध्ये गुणवंत.

अंबिकेने मान वर केली. "ताई," ती म्हणाली, आणि आजवर दुर्गाने कधी ऐकला नव्हता अशा स्वरात म्हणाली, "तू बाहेर जा."

"अगं, चक्कर आली तर..."

"जा. सगळे जा. तुम्ही अशा बघत राहिलात तर मला जन्मात व्हायची नाही."

दुर्गाला एकदम आठवलं, लग्न होऊन आली तेव्हाही अंबिका गिरगावच्या खोलीत मोरीला पडदा नीट लागल्याशिवाय पाय टाकत नव्हती. काल दिवसभर आपण तिच्यासमोर पहारेकऱ्यासारख्या उभ्या होतो. नळीवाल्यांनी एक केलं, आपण दुसरं केलं. तिला काय हवंय ते कोणीच विचारलं नाही.

"कडी लावू नकोस फक्त," दुर्गा म्हणाली आणि बाहेर आली. तिने आरोहीला दूर पाठवलं. गुणवंतला सांगितलं, "खाली जा, चहा घ्या." तो कुरकुरला, पण गेला. हंसाबेनच्या सुनेला फोनवरचा आवाज कमी करायला सांगितला. स्वतः दारापासून लांब, पॅसेजच्या टोकाशी जाऊन बाकावर बसली.

बराच वेळ गेला. नळाचा आवाज बंद झाला. मग दार किलकिलं झालं आणि भिंतीला धरून अंबिका बाहेर आली. ती रडत होती आणि हसतही होती.

"झाली," ती म्हणाली. "पुष्कळ झाली."

दुर्गाने तिला धरलं.

आणखी दोन दिवसांनी अंबिकेला घरी सोडलं. ताप नाही, जळजळ नाही. दुर्गा सामान भरत असताना गुणवंत काउंटरवर कोणाशी तरी हसत बोलत होता. "एकदम फर्स्ट क्लास नर्सिंग होम. आमच्या वहिनींचंही इथेच झालं. काही त्रास नाही." दुर्गाने पिशवीची चेन जोरात ओढली. कालपर्यंत तो तिच्याशी धड बोलत नव्हता. आता बोलत होता, पण झाल्या गोष्टीबद्दल चकार शब्द नाही. तिच्याशिवाय ते सगळं आपोआपच झालं असतं, असाच त्याचा चेहरा.

निघताना तिचं लक्ष हंसाबेनकडे गेलं. तिची पिशवी अजून लोंबत होती. अर्धी जमिनीवर.

दुर्गाने सुनेला विचारलं, "डॉक्टरने नली निकालने का कब बोला है?"

"पता नही आंटी. मम्मी को आराम है ना, बार-बार उठना नही पडता."

"वहिनी! रिक्षावाला थांबत नाहीये!" खालून गुणवंत ओरडला.

दुर्गाने हातातलं सामान भिंतीशी टेकवलं. बेसिनवर हात धुतले, वाकून पिशवी दांडीला अडकवली आणि आरोहीकडे गेली. "या बाईंची नळी कधी काढणार?"

आरोहीने तिच्याकडे पाहिलं. तिच्या ओठांवर तेच वाक्य आलेलं दुर्गाला दिसलं. पण ते बोलण्याआधी ती अडखळली, हंसाबेनच्या पलंगाकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "यांचं खालून ऑपरेशन आहे काकी, थोडी जास्त ठेवतात. पण किती ते... विचारते. आज मॅडम आल्या की विचारते."

"आल्या की नको. फोन कर."

"थिएटरमध्ये असतील."

"मग उचलेपर्यंत कर," दुर्गा म्हणाली.

आरोहीने फोन उचलला, नंबर फिरवला आणि कानाला लावून उभी राहिली. दुर्गा थोडा वेळ तिथेच थांबली. पलीकडे नुसतीच रिंग वाजत होती. खालून गुणवंतने दुसऱ्यांदा हाक मारली, तशी ती सामान उचलून, एका हाताने अंबिकेला धरून, एकेक पायरी उतरायला लागली.